गाल टेकवून पाहा

त्या पांढऱ्या अंगरख्यावरचं सोनेरी बटण पाहिलं तेव्हाच माझं डोकं फिरलं होतं. तेव्हाच बोलायला हवं होतं. बोलले नाही. म्हणून आता जो राग सांगणार आहे, त्यातला अर्धा माझा माझ्यावरच आहे, हे आधीच सांगून टाकते. उरलेला अर्धा कोणावर, ते तुम्हाला कळेलच.

मी तांब्याच्या खाणींच्या किटवे शहरात, एका पाळणाघरात तान्ह्यांच्या खोलीत काम करते. माझं नाव काय ते आता कोणाला आठवत नाही. थोरल्याचं नाव चिशा, म्हणून सगळं गाव मला चिशाची आई म्हणतं. पाळणाघर सिवाले मॅडमचं. एकोणीस वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःच्या घराच्या ओट्यावर चार बाळं घेऊन ते सुरू केलं, तेव्हा पाचवी मीच होते. चारांतलं एक बाळ त्यांचं स्वतःचं होतं, हे लक्षात ठेवा. पुढे लागेल.

आता बाळं एकवीस आणि आम्ही चौघीजणी. खाणीच्या पाळीला जाणाऱ्या आया सकाळी अंधुक उजेडात बाळं सोडतात. काहीजणी तर माझ्या हातात बाळ देताना अजून त्याच्याकडेच बघत असतात आणि पाय मात्र बसकडे निघालेले असतात. अशा आईच्या मनात मागे काही राहू नये, एवढंच आमचं काम. बाकी दूध पाजणं, ढेकर काढणं, लंगोट बदलणं हे कोणीही शिकेल.

ऑगस्टमध्ये मॅडमनी मला बोलावलं. एका मोठ्या खाणीची माणसं पाहणीला येणार होती. त्यांना जागा पसंत पडली तर त्यांच्या कामगारांची सगळी तान्ही बाळं आमच्याकडे येणार.

"आपण चौघी एकसारख्या दिसायला हव्यात," मॅडम म्हणाल्या. "चार जणी चार रंगांच्या, हे चालायचं नाही. कपडे तुम्हीच निवडा, चिशाची आई. तुमच्याइतकं कोणाला कळतंय त्यातलं?"

मी फुगले. माणूस असाच फसतो.

बरोबर कासुबाला घेतलं. कासुबा आमच्यातली सगळ्यांत नवी. वय एकोणीस, सारसासारखे पाय आणि बाळ हातात आलं की आवाज आपोआप खाली. मामाकडे राहायची. मामाने सांगून ठेवलं होतं की नोकरी पक्की झाली तर राहा, नाही तर साम्फ्याला परत जा आणि आईबरोबर मासे वाळव. तिची तीन महिन्यांची परीक्षा नेमकी त्या पाहणीच्या शुक्रवारी संपत होती. कागदावर मॅडमची सही झाली की झालं. रोज सकाळी ती मला विचारायची, "मावशी, होईल ना हो?" आणि मी म्हणायची, "तुझी नाही होणार तर कोणाची होणार? माझी? मला काय आता कोणी परीक्षेला बसवणार आहे?"

आम्ही चिसोकोने बाजारात सलाउलाच्या ओळीत गेलो. परदेशातले जुने कपडे गाठोड्यांनी येतात, ढिगात कोपरापर्यंत हात घालून उकरायचं. कासुबाने पहिल्या दोन मिनिटांत गुलाबी रंगाचा, गळ्यावर मण्यांची नक्षी असलेला झगा वर काढला.

"मावशी, हा बघा!"

"छान आहे. लग्नाला घाल."

"कामाला का नको?"

"कारण लूसे त्यातले सहा मणी गिळेल, आणि दुसऱ्या दिवशी आपण दोघी ते लंगोटात शोधत बसू."

लूसे म्हणजे आमच्याकडचं सात महिन्यांचं बाळ. तिची आई खाणीत घराएवढा ट्रक चालवते. लूसे पाळण्यात झोपत नाही, गादीवर झोपत नाही, फक्त माणसाच्या अंगावर झोपते. त्यातही कासुबाच्या.

मी कपडा कसा पाहते, ते कासुबाला दाखवलं. आधी खांद्याची शिवण गालाला लावायची. डोळे मिटून. कारण बाळाचा गाल दिवसभर तिथेच असतो. टोचली तर परत ढिगात. मग दोन्ही हात वर करून पाहायचे, कमर उघडी पडते का. मग तिथल्या तिथे उकिडवं बसायचं, गुडघ्यांवर यायचं, परत उठायचं. नाडी लोंबती नको, बटण नको, साखळी नको. खिसा एकच, तोही खोल, आत फक्त ओकारी पुसायचा फडका. रंग असा हवा की दूध, गाजर आणि बाकीचं जे काय अंगावर येतं, ते संध्याकाळपर्यंत ओरडून सांगणार नाही. आणि शेवटी, कडक इस्त्री सोसणारं कापड. बाहेर वाळलेल्या कपड्यावर माशी अंडी घालून जाते. इस्त्री फिरवली नाही तर आठ दिवसांनी बाळाच्या पाठीवर फोड येतो आणि फोडात अळी निघते. मी काढल्यात. एकदा काढली की जन्मभर माणूस रुमालालाही इस्त्री करतो.

मी तिसऱ्यांदा उकिडवी बसले तेव्हा कपडेवाला वैतागला.

"आई, कापड घ्यायला आलात की जावई? जावयालासुद्धा कोणी इतकं उलटंपालटं करून बघत नाही."

"नवऱ्याला एवढं बघितलं असतं," मी म्हणाले, "तर आज तुझ्या ढिगात उकरत बसले नसते."

कासुबा हसून हसून ढिगावरच बसली. मग तिच्याच हाताला ते लागले. गडद निळे, अर्ध्या बाह्यांचे, सैल अंगरखे आणि खाली सैल विजारी. कुठल्या तरी लांबच्या देशातल्या दवाखान्यातले असावेत. किती वेळा धुतले होते कोण जाणे, लोण्यासारखे मऊ. कासुबाने डोळे मिटून खांदा गालाला लावला आणि तशीच उभी राहिली.

"झोपलीस का?" मी विचारलं.

"मावशी, लूसे यावर पाच मिनिटांत झोपेल."

दुपारपर्यंत चारही जोड जमले. विजारीवरून कमरेला चितेंगे गुंडाळलं की झालं. चितेंगे लागतंच. बाळ पाठीला बांधायला तेच, अंगाखाली अंथरायला तेच, ऊन लागलं तर डोक्यावर तेच, आणि दारात कोणी वडीलधारं आलं तर नुसत्या विजारीत समोर जायचं नाही म्हणूनही तेच. मी चारही जोड उकळत्या पाण्यात धुतले, कोळशाची इस्त्री फिरवली, घड्या घातल्या आणि मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवले.

मॅडमनी सगळ्यांत वरचा अंगरखा दोन बोटांनी उचलला. मेलेला उंदीर उचलतात ना, तसा.

"हे काय?"

"कपडे."

"चिशाची आई, ती माणसं आत येतील आणि त्यांना वाटेल आपण बाळांची ऑपरेशनं करतो. आणि हे बोचक्यातले! मी माझ्या बायकांना बोचक्यातले कपडे घालते, असं जाऊन सांगतील."

"हात लावून बघा तरी. गाल टेकवून बघा."

"गाल?" त्या हसल्या. "अहो, मी ठरवलंय सगळं. मागच्याच आठवड्यात फोनवर फोटो पाहिला आणि शिंप्याकडे टाकलेसुद्धा. तुम्ही दमू नका आता."

म्हणजे मला बाजारात पाठवलं तेव्हा कपडे शिंप्याकडे पडलेलेच होते. मला कशाला पाठवलं? मला बरं वाटावं म्हणून! एका बाईला दुपारपर्यंत उन्हात ढीग उकरायला लावलं, का, तर तिला विचारल्यासारखं वाटावं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आठवड्याने ते कपडे आले. पांढरेशुभ्र. कापड असं की हातात घेतलं की पापडासारखं वाजायचं. डाव्या खांद्यापासून छातीवर उतरणारी चार सोनेरी बटणं, सिंहाचं तोंड कोरलेली. खाली गुडघ्यापर्यंत घट्ट स्कर्ट, चालायला चिमणीएवढी पावलं टाकावी लागतील असा. आणि प्रत्येकीला नावाची पितळी पट्टी, मागे पिन. डाव्या बाजूला, खांद्याच्या खाली लावायची. वर हुकूम, चितेंगे बंद. "चितेंगे बांधलं की स्वयंपाकघर वाटतं," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, याला गरम इस्त्री चालणार नाही. कापड वितळेल."

"मग कोमट करा."

"माशीची अंडी कोमट इस्त्रीने मरत नाहीत."

"घरात वाळवा मग. चिशाची आई, प्रत्येक गोष्टीला काहीतरी असतंच तुमचं!"

"बरं," मी म्हणाले.

'बरं' म्हणाले. आजही तो शब्द आठवला की स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते. पिनेबद्दल एक अक्षर बोलले नाही. बाळ घेताना डोकं डाव्या खांद्यावर येतं, हे मला माहीत होतं. एकोणीस वर्षांत माझा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली आलाय, तो काय उगाच? पण इस्त्रीवरून एकदा तोंड भाजलं होतं, परत कशाला, असं वाटलं.

सोमवारी आम्ही चौघी पांढऱ्या झालो. मॅडम खोलीत असेपर्यंत पट्ट्या छातीवर. त्या गेल्या की आम्ही तिघी जुन्या बायकांनी पट्ट्या काढल्या आणि दारामागच्या खिळ्याला अडकवल्या. कासुबा माझ्याकडे बघत होती.

"मावशी, मीही काढू?"

तिच्या अंगरख्याला पट्टी सकाळी मीच लावली होती. तिला पिन जमत नव्हती म्हणून. माझ्या या हातांनी.

"तू नको," मी म्हणाले. "तुझी सही व्हायची आहे. शुक्रवारपर्यंत जसं सांगितलंय तसं राहा. फक्त बाळ उजवीकडे घे."

उजवीकडे घे! एकवीस बाळांच्या खोलीत, एक हात बाटलीत आणि एक हात लंगोटात असताना, तीन महिन्यांची नवी पोर बाळ कुठल्या खांद्यावर घ्यायचं ते आठवत बसेल, असं मला वाटलं. मी स्वतःला शहाणी समजत होते.

मंगळवार पार पडला. लूसे मात्र दोन दिवस झोपली नाही. त्या वाजणाऱ्या कापडावर डोकं टेकवायची, उचलायची, रडायची. पाठीला बांधायला चितेंगे नाही. दुपारपर्यंत तिचा आवाज बसला होता आणि कासुबाचं तोंड उतरलं होतं.

बुधवारी तीन वाजता लूसेची आजी आली.

नाकाम्बा आजी म्हणजे आमच्या वस्तीतलं मोठं प्रस्थ. चर्चच्या बायका तिच्यापुढे आवाज काढत नाहीत. कमरेला एकावर एक दोन चितेंगे, हातात छत्री, ऊन असो की नसो. लूसेला न्यायला रोज तीच यायची आणि कासुबा रोज ओट्यावर गुडघे टेकून दोन्ही हातांनी लेकरू तिच्याकडे द्यायची. आम्ही वडीलधाऱ्यांना काही देताना असंच देतो. मग ते पाणी असो की भाकरीचा तुकडा, आणि इथे तर नात होती. आजी त्यावर काही बोलायची नाही, पण पहिल्या आठवड्यात मला एकदा म्हणाली होती, "ही पोर कोणीतरी नीट वाढवलेली आहे." आजीच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे पदकच.

मी आतल्या खोलीत होते. मला आधी दिसलं काहीच नाही. ऐकू आली ती लूसेची किंकाळी. रडणं वेगळं, किंकाळी वेगळी. बाळांत आयुष्य गेलं की फरक भिंतीपलीकडूनही कळतो.

मी धावले. म्हणजे चिमणीसारखी तुरुतुरु गेले, दुसरं काय करणार त्या स्कर्टात.

झालं होतं ते असं. कासुबा आजीसमोर गुडघे टेकायला वाकली. स्कर्ट घट्ट. गुडघे अर्ध्यावर अडकले. ती पुढे तोलली, बाळ पडू नये म्हणून तिने ते छातीशी घट्ट आवळलं, आणि पट्टीची पिन सुटून लूसेच्या गालावरून गेली. डोळ्याच्या खालून थेट हनुवटीपर्यंत लाल रेघ. डोळा एका बोटाने वाचला. एका बोटाने!

कासुबा सावरून उभी राहिली होती आणि तशीच, उभ्याउभ्या, बाळ आजीकडे देत होती. दुसरं करता काय येणार होतं?

आजीने लूसेला ओढून घेतलं. "उभ्याने!" ती म्हणाली. हळू आवाजात, म्हणून जास्त भयंकर. "आधी लेकराचं तोंड फाडलंस, आणि वर भोपळा द्यावा तसं उभ्याने देतेस मला? तीन दिवसांत एवढी मोठी झालीस? पांढरे कपडे घातलेस म्हणून?"



तेवढ्यात मॅडम बाहेर आल्या. त्यांनी लूसेचा गाल पाहिला, आजीकडे पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांपुढे शुक्रवार उभा राहिला. मला तो त्यांच्या डोळ्यांत दिसला.

"नखं!" मॅडम ओरडल्या. "किती वेळा सांगितलं या मुलींना नखांचं! आजी, मी तुमची माफी मागते. कासुबा, सामान घे. उद्यापासून येऊ नकोस."

कासुबाने आपल्या बोटांकडे पाहिलं. खरंच पाहिलं, जणू आपलीच चूक असेल, असं. ते मला बघवलं नाही.

आमच्याकडे बाई भांडायला उभी राहिली की आधी कमरेचं चितेंगे आवळून घट्ट बांधते. बघणारे तेवढ्यावरूनच मागे सरकतात. माझे हात कमरेकडे गेले. आणि तिथे काहीच नव्हतं. नुसता तो पापड! मला वाटतं, त्या क्षणी जेवढा राग आला तेवढा जन्मात कधी आला नसेल. माझ्याकडून भांडायचं कापडसुद्धा काढून घेतलं होतं.

"नखं नाहीत," मी म्हणाले.

"चिशाची आई, तुम्ही आत जा. बाळं एकटी आहेत."

"बाळांपाशी दोघी आहेत. हिची नखं दर सोमवारी मी कापते. माझ्या हाताने. दाखव गं."

कासुबाने हात पुढे केले. बोटांच्या टोकांना नखं अशी नव्हतीच.

"हे नंतर बोलू," मॅडम म्हणाल्या.

"नंतर ती साम्फ्याच्या गाडीत बसलेली असेल!"

मी आजीसमोर गेले. म्हातारी माझ्याकडे अशी बघत होती की छत्री कुठल्याही क्षणी माझ्या डोक्यात बसेल. मी म्हणाले, "आजी, ही पोर उभी का राहिली, ते सांगायचंय. पण उभ्याने नाही सांगणार."

आणि मी गुडघे टेकायला खाली गेले. स्कर्ट अडला. मी अजून जोर लावला. एकोणीस वर्षं बाळांमागे जमिनीवर बसून झालेल्या या मांड्या, त्यांना शिंप्याची शिवण काय अडवणार! टर्रकन फाटला. डाव्या अंगाने खालपासून थेट कमरेपर्यंत. आतला परकर जगाला दिसला. दिसू दे. मी गुडघ्यांवर होते.

"हे असं आहे आजी," मी म्हणाले. "या कपड्यात फाडल्याशिवाय गुडघे टेकता येत नाहीत. ती एकोणीस वर्षांची आहे, तिची नोकरी अजून पक्की नाही, तिला फाडायची भीती वाटली. म्हणून ती उभी राहिली. उद्धट नाही ती. आणि गालावर ओरखडा काढलाय तो त्या पट्टीने. ती पट्टी तिच्या अंगाला सोमवारी मी लावली. मला कळत होतं. मी माझी काढून ठेवली आणि हिला म्हणाले, तू राहू दे. म्हणजे शिव्या द्यायच्या तर आधी मला द्या."

"मावशी, नको ना," कासुबा पुटपुटली.

"तू गप्प बस!" मी तिच्यावरही ओरडले. त्या दिवशी कोणालाच सोडलं नाही मी.

मग मॅडमकडे वळले. गुडघ्यांवरूनच. "मॅडम, तुम्ही गाल टेकवून पाहिला असता तर हे झालं नसतं. आता तरी पाहा. या. हिच्या खांद्यावर टेकवा गाल. एकदाच."

"काहीतरीच काय!"

"का? एकवीस लेकरांनी दिवसभर टेकवायचा, तुम्हाला एकदा जड होतंय? तुमचा चिबेसा याच ओट्यावर माझ्या पाठीला बांधून वाढला. दात येत होते तेव्हा माझ्या चितेंगेचा कोपरा चावून चावून त्याने चाळण केली होती. तेव्हा कुठे गेलं होतं तुमचं स्वयंपाकघर? तेव्हा मला सोनेरी बटणं का नाही लावलीत? तुमचं लेकरू होतं म्हणून?"

लूसे हुंदके देत होती, बसलेल्या आवाजात. मॅडमचा चेहरा कसनुसा झाला. पण जागच्या हलल्या नाहीत त्या.

हलली ती नाकाम्बा आजी.

तिने छत्री भिंतीला टेकवली. लूसेला एका हातावर घेतलं, कासुबाच्या पुढ्यात आली आणि, मला अजून सांगतानाही विश्वास बसत नाही, ती म्हातारी किंचित वाकली आणि आपला सुरकुतलेला गाल त्या पोरीच्या डाव्या खांद्यावर टेकवला. डोळे मिटून. जसा मी बाजारात टेकवते, अगदी तसा. कोणी शिकवलं नव्हतं तिला.



आजी वर झाली तेव्हा तिच्या गालावर बटणाच्या सिंहाचं तोंड उमटलं होतं आणि शेजारी पिनेचा लहानसा लाल ठिपका. तिने बोटाने तो ठिपका चाचपला. मग कासुबाच्या छातीवरची पट्टी काढली, पिन नीट मिटली आणि मॅडमच्या हातात ठेवली.

"हे तुमचं," ती म्हणाली. "तुमचं नाव लावा त्यावर आणि तुमच्या उशीला टोचा."

"आजी, शुक्रवार एकदा होऊ दे, मग आपण कपड्यांचं..."

"शुक्रवारपर्यंत माझ्या नातीला दोन डोळे राहतील, याची हमी देता?"



आजीने कमरेचं वरचं चितेंगे सोडलं. पिवळं, त्यावर निळे मासे. ते कासुबाच्या हातात दिलं. "बांध तिला पाठीला. रडून रडून अर्धी झालीय पोर. आणि चल माझ्याबरोबर घरापर्यंत. उद्या सकाळी मी लेकरू तुझ्याच हातात देणार. तू इथे नसलीस तर मी तिला परत घेऊन जाईन, आणि का घेऊन गेले ते फाटकात उभी राहून सगळ्यांना सांगेन. मला घाई नसते."

मग माझ्याकडे वळली. मी अजून खालीच होते. उठले असते तर उरलेला स्कर्टही फाटला असता.

"आणि तू," ती म्हणाली. "तुला कळत होतं ना?"

"हो आजी."

"मग तुझं वय फुकट गेलं."

मी मान खाली घातली.

कासुबाने लूसेला पाठीला बांधलं. गाठ छातीवर आवळली. आजी पुढे, ती मागे. फाटकाबाहेर पडेपर्यंत लूसेचं डोकं कलंडलं होतं. दोन दिवसांची झोप तिने त्या माशांच्या कापडात तिथेच सुरू केली.

गुरुवारी आम्ही चौघी, मी मॅडमच्या टेबलावरून परत उचललेल्या त्या निळ्या कपड्यांत आलो. वर चितेंगे. कोणी कोणाला विचारलं नव्हतं. मॅडमनी पाहिलं आणि दार लावून घेतलं.

शुक्रवारी खाणीची माणसं आली. तीन पुरुष आणि एक बाई. त्यांनी दुधाचा फ्रीज उघडून पाहिला, पाण्याची टाकी पाहिली, आग लागली तर बाहेर पडायची दारं किती ते विचारलं, पाळण्यांमधलं अंतर मोजलं. आमच्या कपड्यांकडे एकानेही पाहिलं नाही. एकानेही! ज्यांच्यासाठी हे सगळं केलं, त्यांना आम्ही निळ्या आहोत की पांढऱ्या, काही फरक पडत नव्हता. मला रडू आलं असतं, पण त्याआधी इतका राग आला की रडू मागेच राहिलं.

संध्याकाळी मॅडमनी कासुबाच्या कागदावर सही केली. मान वर न करता. मला म्हणाल्या, "चिशाची आई, तुम्ही परक्या माणसासमोर माझ्या मुलाचं नाव काढायला नको होतं."

"हो," मी म्हणाले. "नको होतं. तुम्हीही मला उगाच बाजारात पाठवायला नको होतं."

आम्ही दोघी अजून एकमेकींशी कामापुरतंच बोलतो.

लूसे आता चालते. गालावरची रेघ फिकट झाली आहे, पण ऊन तिरपं पडलं की दिसते. कोणी म्हणतं, मोठी झाली की जाईल. मी रोज पाहते. मला ती जाईल असं वाटत नाही, आणि माझ्यापुरती ती जाऊही नये.

ते पांढरे अंगरखे कपाटात पडून होते. कापड वाया कशाला घालवायचं, म्हणून मी बटणं उसवली आणि ओकारी पुसायला चौकोनी फडके कापले. परवा एका नव्या बाळाचं तोंड पुसायला त्यातला एक घेतला. दूध त्यावरून काचेवरून जावं तसं घरंगळलं आणि बाळाच्या मानेत शिरलं. एक थेंब शोषला नाही मेल्याने. पुसायच्याही लायकीचं नव्हतं ते!

"मावशी, द्या तो इकडे, मी टाकून देते," कासुबा म्हणाली.

मी फडका तिच्याकडे भिरकावला, बाळाला उचललं आणि तोंड पुसायला माझा खांदा पुढे केला. डावा.